पुढचा रेणू कोणता?

फ्रँकफर्टच्या गेओर्ग श्पायर हाउसमध्ये पाउल एर्लिख रोज आपल्या सहकाऱ्यांसाठी रंगीत कागदांच्या चिठ्ठ्या लिहून ठेवत. आज कोणी कोणते संयुग करायचे, कोणत्या प्राण्याला किती मात्रा द्यायची, सगळे त्या चिठ्ठीत. अल्फ्रेड बर्टहाइम हा त्यांचा रसायनशास्त्रज्ञ. आर्सेनिकची संयुगे एकामागून एक करत राहणे हे त्याचे काम. ६०६ क्रमांकाचे संयुग त्याच मालिकेतले. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी ते उपदंश झालेल्या सशांवर वापरून पाहिले, आणि पुढच्याच वर्षी हेक्स्ट कंपनीने ते ‘साल्वरसान’ या नावाने बाजारात आणले. उपदंशावर पाऱ्याचे लेप आणि धूर सोसणाऱ्या माणसांना पहिल्यांदाच एक खरेखुरे रासायनिक औषध मिळाले.

बर्टहाइम हा नुसता सांगकाम्या नव्हता. ॲटॉक्सिल नावाचे आर्सेनिकचे जुने संयुग त्या काळी ठाऊक होते, पण त्याची जी रचना सर्वमान्य होती ती चुकीची होती. एर्लिख यांना शंका होती. १९०७ मध्ये दोघांनी मिळून ती खरी ठरवली. ॲटॉक्सिलमधला अमिनो गट मोकळा आहे हे त्यांनी दाखवून दिले. मोकळा गट म्हणजे रेणूला हात घालायला जागा. तिथे नवे काही जोडता येते, बदलता येते, पुन्हा तपासता येते. हे कळले नसते तर ६०६ पर्यंतची वाट सुरूच झाली नसती.

औषधाचे रेणू घडवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला आज मेडिसिनल केमिस्ट म्हणतात. या पेशाचा माग काढताना पदव्या, हुद्दे आणि पगार यांचा पसारा बाजूला सारला तर खाली एकच प्रश्न सापडतो: पुढचा रेणू कोणता करायचा, हे कोण ठरवतो? गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, कोणाच्या हातून निसटला आणि कोणी तो झगडून मिळवला, हाच या पेशाचा इतिहास आहे असे माझे मत आहे.

सुरुवात रंगांच्या कारखान्यात झाली. १८५६ मध्ये लंडनला अठरा वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन क्विनीन करायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तिचे फळ मात्र जर्मनीने चाखले. बायर आणि हेक्स्ट या दोन्ही कंपन्या १८६३ च्या, आणि दोन्ही रंगांच्या. कार्ल डुइसबर्ग हा तरुण रसायनशास्त्रज्ञ बायरमध्ये आला तेव्हा रंग तयार करताना उरणाऱ्या पॅरा-नायट्रोफिनॉलचे करायचे काय, हा कंपनीपुढचा प्रश्न होता. त्या टाकाऊ मालातून फिनॅसेटिन हे ताप उतरवणारे औषध निघाले आणि १८८८ मध्ये ते विकायला आले. डुइसबर्गने त्यातून घेतलेला धडा मोठा होता. शोध लागण्याची वाट पाहत बसायचे नाही. विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेली मुले पगारावर ठेवायची, प्रत्येकाला टेबल, काचसामान आणि ग्रंथालय द्यायचे, आणि शोध हेच त्यांचे रोजचे काम करायचे. एल्बरफेल्डला त्यासाठी खास प्रयोगशाळा बांधली गेली. आज ज्याला आपण ‘रिसर्च सायंटिस्टची पोस्ट’ म्हणतो ती त्या इमारतीत जन्मली.

त्याच पोस्टवर बसलेल्या फेलिक्स हॉफमन याने ऑगस्ट १८९७ मध्ये शुद्ध ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल केले. त्याला ते करायला सांगितले कोणी? हॉफमनच्या संधिवाताने आजारी वडिलांची गोष्ट सांगितली जाते. पण त्याचा वरिष्ठ सहकारी आर्टुर आइखेनग्र्यून याने १९४९ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, लिहून ठेवले की हे काम आपल्या सूचनेवरून झाले. आइखेनग्र्यून ज्यू होता; थेरेसिएनश्टाटच्या छळछावणीतून तो जिवंत परतला होता. नाझी काळात ॲस्पिरिनच्या इतिहासात त्याचे नाव येणे शक्यच नव्हते. हात कोणाचे होते यावर वाद नाही. ठरवले कोणी, यावर आहे. आणि वाद तिथेच असावा हे मला अगदी योग्य वाटते.

बायरमध्येच, ३५ वर्षांनी, योझेफ क्लारर आणि फ्रिट्झ मिट्श हे दोघे ॲझो रंगांना सल्फोनामाइडचा गट जोडून नवनवी संयुगे करत होते. जंतूंनी ग्रासलेल्या उंदरांवर ती तपासायचा गेरहार्ड डोमाक. १९३२ च्या अखेरीस त्यांतल्या एका तांबड्या रंगाने उंदीर वाचवले. हेच प्रॉन्टोसिल. १९३९ चे नोबेल एकट्या डोमाकला जाहीर झाले. हिटलरच्या राजवटीने त्याला ते नाकारायला लावले आणि पदक त्याला १९४७ मध्ये मिळाले. क्लारर आणि मिट्श यांची नावे आज रसायनशास्त्राच्या पदवीधरांनाही सांगता येत नाहीत. डोमाकची थोरवी त्याने कमी होत नाही. पण ज्याने शेकडो रेणू हाताने केले आणि कोणत्या जागी कोणता गट लावायचा याचा विचार केला, त्याला केवळ ‘बनवणारा’ समजायची सवय तिथपासून पक्की झाली, आणि ती अजून मोडलेली नाही.

या गोष्टीला पॅरिसमध्ये एक वळण लागले. पास्टर संस्थेत अर्नेस्ट फुर्नो यांच्या प्रयोगशाळेत झाक आणि तेरेझ त्रेफुएल हे रसायनशास्त्रज्ञ दांपत्य आणि त्यांचे सहकारी निती व बोवे यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की प्रॉन्टोसिलचा रंग शरीरात तुटतो आणि खरे काम करतो तो त्यातून निघणारा बिनरंगी सल्फानिलामाइड. हे संयुग व्हिएन्नात १९०८ मध्येच तयार झालेले होते, त्याचे पेटंट कधीच संपले होते. रंगाची गरजच नव्हती! रंगाच्या कारखान्यात जन्मलेल्या पेशाची नाळ तिथे तुटली. यापुढे रेणूला रंगाचा आधार नको होता. त्याचा कोणता भाग काम करतो आणि कोणता नुसता ओझे आहे, हे विचारणारा माणूस हवा होता.

तो माणूस पूर्णपणे घडलेला पाहायचा तर गर्ट्रूड एलियनकडे पाहावे. ती पंधरा वर्षांची असताना आजोबा पोटाच्या कर्करोगाने गेले. रसायनशास्त्र घ्यायचे तिने तेव्हा ठरवले. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातून ती उत्तम गुणांनी पदवीधर झाली. मंदीचे दिवस, त्यात बाई. पुढच्या शिक्षणासाठी कोणी आर्थिक मदत देईना. एका ठिकाणी तर तुमच्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होईल असे सांगून तिला परत पाठवले. तिने शाळेत शिकवले, रात्री आणि सुटीच्या दिवशी प्रयोग करून १९४१ मध्ये एम.एस्सी. पुरी केली. किराणा मालाच्या एका मोठ्या कंपनीसाठी लोणच्याची आंबटता आणि मेयोनीजचा रंग तपासायची नोकरी केली. त्याच काळात तिचा होणारा नवरा हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग होऊन मरण पावला. काही वर्षांत पेनिसिलिनने बरा होऊ लागलेला तो आजार. दुसऱ्या महायुद्धात पुरुष युद्धावर गेले तेव्हा प्रयोगशाळांची दारे बायकांसाठी किलकिली झाली, आणि १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्स यांच्या हाताखाली तिला जागा मिळाली.

हिचिंग्स यांची कल्पना त्या काळात धाडसाची होती. डीएनएची दुहेरी मळसूत्री रचना अजून कोणाला ठाऊक नव्हती. पण पेशीला वाढायला न्यूक्लिइक आम्ले लागतात आणि त्यांना प्युरिन लागते, एवढे माहीत होते. मग प्युरिनसारखाच दिसणारा पण किंचित वेगळा रेणू झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला दिला तर? एलियनच्या वाट्याला प्युरिन आले. ती रेणू करी, मग त्यामागोमाग जीवशास्त्रात शिरे: शरीरात त्याचे काय होते, कोणते वितंचक त्याला तोडते. हिचिंग्सनी तिला अडवले नाही. पुढचे काय करायचे हे ती स्वतः ठरवू लागली, आणि तिथेच हा पेशा वयात आला. ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेले ६-मर्कॅप्टोप्युरिन लहान मुलांच्या रक्तकर्करोगावर चालले. अमेरिकेत १९५३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यातूनच निघालेल्या ॲझाथायोप्रिनमुळे नात्यागोत्यात नसलेल्याचे मूत्रपिंड शरीरात टिकवणे शक्य झाले. मर्कॅप्टोप्युरिन शरीरात लवकर तुटू नये म्हणून शोधलेले ॲलोप्युरिनॉल अखेर संधिवाताच्या गाउट या प्रकारावर औषध ठरले. आणि सत्तरच्या दशकात विषाणूंवरचे ॲसायक्लोव्हिर. एका रेणूने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढचा रेणू आला, अशी ही साखळी आहे. एलियनने ब्रुकलिनला रात्रीच्या वर्गात पीएच.डी. सुरू केली होती. पूर्णवेळ यावे लागेल, असे तिथे सांगितले तेव्हा तिने पदवी सोडली, नोकरी ठेवली. १९८८ मध्ये नोबेल घेताना तिच्याकडे कमावलेली डॉक्टरेट नव्हती.

एलियन आणि हिचिंग्स यांच्याबरोबर त्या नोबेलचे तिसरे मानकरी जेम्स ब्लॅक. ते शरीरक्रियाशास्त्राचे, रसायनशास्त्रज्ञ नव्हेत. पण त्यांच्या सिमेटिडिनची कहाणी मला रसायनशास्त्रज्ञांची कहाणी म्हणूनच सांगावीशी वाटते. इंग्लंडमध्ये वेल्विन गार्डन सिटीला स्मिथ क्लाइन अँड फ्रेंचच्या प्रयोगशाळेत १९६४ पासून रॉबिन गॅनेलिन, ग्रॅहॅम ड्युरंट आणि जॉन एमेट हिस्टामिनच्या रेणूत बदल करत होते. पोटात आम्ल सोडायला लावणारा हिस्टामिनचा संदेश थांबवायचा होता, म्हणजे अल्सरच्या रोग्याची शस्त्रक्रिया टळेल. चार वर्षांत दोनशेच्या आसपास संयुगे झाली, एकही लागू पडेना. मग जुन्याच एका संयुगाची तपासणी पद्धत सुधारून पुन्हा केली तेव्हा त्यात किंचित रोधक गुण आढळला. त्या किंचितला धरून ब्युरिमामाइड झाले, पण ते तोंडाने घेतले तर पुरेसे चालेना. मेटियामाइड चालले, पण काही रोग्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. संशय त्यातल्या थायोयुरिया गटाच्या गंधकावर होता. तो काढून सायनोग्वानिडिनचा गट बसवला, आणि १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन आले. रेणूचा आम्लधर्म, पाण्यात आणि चरबीत विरघळण्याची त्याची ओढ, इलेक्ट्रॉन कुठे दाटतात, असल्या गणितावर पुढचे पाऊल ठरवण्याची रीत तोवर रुळली होती. कॅलिफोर्नियातल्या कॉर्विन हान्श यांनी साठच्या दशकात त्याला समीकरणांची बैठक दिली होती. अमेरिकन केमिकल सोसायटीचे या विषयाचे नियतकालिक १९५९ मध्ये निघाले आणि १९६३ पासून ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’ या नावाने चालू लागले. पेशाला नाव, नियतकालिक आणि पद्धत, तिन्ही मिळाले.

आपल्याकडे हा पेशा दोन वाटांनी आला. पहिली वाट परळच्या हाफकिन संस्थेतून जाते. साहिबसिंग सोखी संचालक असताना, १९४० च्या सुमारास, त्यांनी आणि बी. बी. दीक्षित यांनी प्लेगवर सल्फाथायाझोल वापरून पाहिले, आणि तिथेच के. गणपती सल्फा संयुगे तयार करत होते. प्लेगने जिथे गावेच्या गावे उठवून माळावर राहायला लावली, त्या या प्रदेशात ते काम झाले, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते. दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले.

दुसरी वाट माटुंग्याची, आणि ती पुन्हा रंगांमधूनच निघते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, १९३३ मध्ये उघडला, तो गिरणगावाच्या मुंबईत. के. वेंकटरमण १९३८ मध्ये त्याचे संचालक झाले. रंगांचे आणि फ्लेव्होन या वनस्पतिजन्य संयुगांचे ते पंडित. मँचेस्टरला ते रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे शिकले. रॉबिन्सन धाकट्या पर्किनचे शिष्य. आणि धाकटा पर्किन म्हणजे जांभळ्या रंगाच्या पर्किनचा मुलगा. अशी ही थेट गुरुपरंपरा माटुंग्यापर्यंत येते, आणि इथे तिला दोन फाटे फुटतात.

एक शिष्य नित्य आनंद. यूडीसीटीत वेंकटरमण यांच्याकडे पीएच.डी., मग केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे दुसरी, आणि १९५१ मध्ये लखनौला नव्याने उघडलेल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत. तिथे त्यांच्या गटाने सेंटक्रोमन हा रेणू घडवला: स्टेरॉइड नसलेली, आठवड्यातून एकदा घ्यायची गर्भनिरोधक गोळी. १९९१ पासून ती ‘सहेली’ या नावाने मिळू लागली, आणि ‘छाया’ म्हणून ती २०१६ मध्ये सरकारी कुटुंबनियोजनात आली. दुसरे शिष्य ए. व्ही. रामाराव. यूडीसीटीनंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वेंकटरमण यांच्याकडेच पीएच.डी., आणि तिथेच दीर्घ कारकीर्द, पुढे हैदराबादला. त्यांची ख्याती वेगळी. जगाला ठाऊक असलेला रेणू स्वस्त आणि वेगळ्या मार्गाने कसा करायचा, यात त्यांचा हात धरणारा नव्हता. आनंद यांचा प्रश्न ‘काय करायचे’, रामाराव यांचा ‘कसे करायचे’. एकाच गुरूच्या घरातून दोन पेशे बाहेर पडले.

देशाने कोणता निवडला ते १९७० च्या पेटंट कायद्याने ठरले. १९७२ पासून अमलात आलेल्या या कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नाही, फक्त तो तयार करण्याच्या पद्धतीला, तेही फार तर सात वर्षे. पद्धत बदला, औषध तुमचे. या कायद्याने भारतातली औषधे सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. डेट्रॉइटचे जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ मध्ये कर्करोगासाठी केलेला आणि पेटंट न घेता बाजूला ठेवलेला एझेडटी हा रेणू १९८७ मध्ये बरोज वेलकमने एड्सवर महागड्या किमतीत आणला. रामाराव यांच्या पद्धतीने सिप्लाने तो १९९३ मध्ये भारतात उपलब्ध केला, आणि २००१ मध्ये याच कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला. आफ्रिकेत त्याने किती जीव वाचले याची जाणीव ठेवूनच पुढचे म्हटले पाहिजे: त्या कायद्याच्या सावलीत तीस वर्षे भारतीय रसायनशास्त्रज्ञाला ‘पुढचा रेणू कोणता’ हे विचारायचे कारणच उरले नाही.

अपवाद होते, आणि नवल म्हणजे ते परदेशी कंपन्यांच्या कुंपणात होते. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते गोरेगावला सिबाचे संशोधन केंद्र उघडले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेले टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक. सिंटामिल हे नैराश्यावरचे औषध आणि सॅट्रानिडाझोल हे आणखी एक औषध तिथले. मुलुंडला हेक्स्टचे केंद्र होते. तिथे सुजाता भट, नोएल डिसूझा आणि सहकाऱ्यांनी कोलियसच्या मुळांतून फोर्स्कोलिन वेगळे करून १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. पेशीतले ॲडेनिलेट सायक्लेज हे वितंचक थेट चेतवणारा हा रेणू आज जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत रोज वापरला जातो. याच मुलुंडमध्ये सह्याद्रीत वाढणाऱ्या एका झाडातल्या रोहिटुकिनवरून फ्लेव्होपिरिडॉल घडले. पेशीविभाजनाचे चक्र चालवणाऱ्या वितंचकांना रोखणाऱ्या रेणूंपैकी माणसांवर चाचणी झालेला हा पहिला. ते स्वतः सर्रास वापरातले औषध झाले नाही, पण त्याने दाखवलेल्या दारातून २०१५ मध्ये पाल्बोसिक्लिब स्तनांच्या कर्करोगावर आले. आणि फ्लेव्होपिरिडॉल हे फ्लेव्होन आहे, वेंकटरमण यांच्या कुळातले. ही दोन्ही केंद्रे त्या रूपात आता नाहीत, आणि त्यांच्यावर मराठीत एक चांगले पुस्तक नसावे हे मला लागते.

२००५ मध्ये रेणूंना पुन्हा पेटंट मिळू लागले. काही भारतीय कंपन्यांनी आधीच तयारी केली होती; झायडसचे सारोग्लिटाझार २०१३ मध्ये मान्य झाले, भारतीय कंपनीने शोधापासून बाजारापर्यंत नेलेला हा पहिला नवा रेणू. पण नोकऱ्या उघडल्या त्या बहुतांश कंत्राटी संशोधनाच्या. जळगावची किंवा लातूरची एखादी मुलगी ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. करते आणि हिंजवडी, बेंगळुरू किंवा हैदराबादच्या सीआरओत, म्हणजे कंत्राटी संशोधन कंपनीत, लागते. परदेशातल्या ग्राहकाकडून रेणूंची यादी येते. ती रिॲक्शन लावते, टीएलसीवर स्पॉट पाहते, कॉलम करते, एनएमआर काढते, काही मिलिग्रॅम पावडर कुपीत भरून पाठवते. ती पावडर कोणत्या रोगासाठी, कोणत्या प्रथिनावर बसावी म्हणून, हे अनेक प्रकल्पांत तिला सांगितले जात नाही. तपासणीचे आकडे परत येत नाहीत. चार-पाच वर्षांत तिचा हात असा बसतो की कठीणातली कठीण पायरी ती निभावून नेते. तरी टीम लीडच्या वर जायचे तर पीएच.डी. मागतात, त्यावर परदेशी पोस्टडॉक. म्हणजे नेट, फेलोशिप, पाच-सहा वर्षे, आणि वय तिशीपार. एलियनला जी शिडी नाकारली गेली तीच आपण सक्तीची केली, आणि तिला जे मोकळेपण मिळाले ते मात्र देत नाही.

यात कायद्याचीही एक धारदार गोष्ट आहे. अमेरिकी पेटंट कायद्यात शोधकर्ता तो, ज्याच्या डोक्यातून रेणूची कल्पना निघाली. दुसऱ्याने सांगितलेला रेणू हाताने घडवणाऱ्याचे नाव त्यावर येत नाही, मग ती घडण कितीही अवघड असो. म्हणून नोकरी घेताना पगाराच्या आकड्याइतकेच हे विचारले पाहिजे: ॲसेचे, म्हणजे तपासणीचे, आकडे मला दिसतील का, डिझाइनच्या बैठकीला मला बसता येईल का? काही सीआरओंमध्ये आता पूर्ण प्रकल्पच भारतात चालतात, लक्ष्य निवडण्यापासून, आणि तिथे याचे उत्तर होकारार्थी मिळते. भारतीय कंपन्यांच्या स्वतःच्या शोधगटांतही मिळते. डिसेंबर २०१८ मध्ये ॲबव्ही या अमेरिकी कंपनीने रक्ताच्या कर्करोगांसाठी माल्ट१ या प्रथिनाला रोखणाऱ्या रेणूंचा कार्यक्रम ल्युपिनकडून घेतला, सुरुवातीचे ३ कोटी डॉलर मोजून. असे बहुतेक रेणू चाचण्यांतच गळतात. पण या मालिकेतला प्रत्येक पुढचा रेणू कोणता, हे पुण्यात, ल्युपिनच्या प्रयोगशाळेत, ठरले होते.